मलमल घेताना, शिवताना, वापरताना

बहिणीच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी बाळंतविडा मीच शिवणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं होतं. दुकानात गेले, "मलमल द्या" म्हटलं, दुकानदाराने तागा उलगडला, हाताला गुळगुळीत लागला, अडीच मीटर घेतलं. चार झबली, दोन टोपरी. पहिल्याच धुण्यात झबली आखडली आणि तो सगळा गुळगुळीतपणा पाण्याबरोबर मोरीत वाहून गेला. हातात उरलं जाळीसारखं विरळ फडकं.

दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. मी मलमल मागितली, त्याने मलमल दिली. या एका नावाखाली आज काय काय विकलं जातं, हे मलाच माहीत नव्हतं. पहिल्यांदाच हे कापड घेणाऱ्यांसाठी, मी ज्या क्रमाने चुका केल्या त्याच क्रमाने हे लिहिते आहे.

पायरी 1: नाव समजून घ्या

मलमल म्हणजे बारीक सुताचं, साध्या विणीचं, तलम सुती कापड. साधी वीण म्हणजे आडवा धागा उभ्या धाग्याच्या एकदा वरून, एकदा खालून जातो, बस्स. ना नक्षी, ना तिरकी रेघ. सगळी करामत सुताच्या बारीकपणात आहे. मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी: ती मलमल, मलमलीचा सदरा. बोलताना "मलमलचा" असंही सर्रास म्हणतात.

पहिला गोंधळ मखमलीशी होतो. नावं जुळी वाटली तरी कापडं अगदी उलट आहेत. मखमल जाड, लव असलेली. तिचं नाव अरबीतल्या "खम्ल" म्हणजे लव या शब्दावरून आलेलं. मलमलीला लव नसते, आणि हात मागे धरला तर तो पलीकडून दिसला पाहिजे.

दुसरा गोंधळ मस्लिनचा. इंग्रजीत मलमलीला मस्लिन म्हणतात आणि तो शब्द फ्रेंच-इटालियनमधून फिरत इराकमधल्या मोसुल शहरापर्यंत मागे जातो. गंमत अशी, की तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोच्या वर्णनात मोसुलचं जे "मोसोलिन" येतं ते रेशमाचं आणि जरीचं कापड आहे. म्हणजे नाव मोसुलचं, पण पुढे ते जाऊन चिकटलं बंगालच्या सुती कापडाला. कापडांच्या नावांचं असंच असतं. कालिकतवरून कॅलिको झालं आणि आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून डंगरी. डंगरी मात्र मलमलीच्या दुसऱ्या टोकाला, खलाशांच्या कामाचं जाडंभरडं कापड.

मलमल हा शब्दही इंग्रजीत गेला तो "मुलमुल" होऊन. त्याचंच तुटकं रूप "मल". बांधणी करताना पुस्तकाच्या कण्यावर जी विरळ जाळी चिकटवतात तिला इंग्रजीत आजही मल म्हणतात. आणि आता ते इंग्रजी स्पेलिंग वाचून आपल्याच दुकानांत "मॅडम, मुलमुल दाखवू का?" असं विचारतात. घाबरू नका, ती मलमलच.

मात्र परदेशात असाल तर सावध. अमेरिकेत मस्लिन म्हणून जे मिळतं ते बहुधा आपल्या मांजरपाटाच्या जवळचं, कोरं, थोडं खरखरीत कापड असतं. तिथल्या शिवणकामात महागड्या कापडाला कात्री लावण्याआधी स्वस्त कापडाचा जो कच्चा नमुना शिवून बघतात, त्या नमुन्यालाही मस्लिनच म्हणतात. ब्रिटनमध्ये मस्लिन म्हटलं की बाळाचे दुपटे-रुमाल. आणि आपल्याकडे "मस्लिन सिल्क" नावाने जे कुर्ते विकले जातात त्यांत पुष्कळदा सूत नसतं आणि रेशीमही नसतं. लेबल उलटून बघा.

पायरी 2: मूळ कुठलं ते एकदा वाचून घ्या

घाई असेल तर ही पायरी ओलांडून पुढे गेलात तरी चालेल. पण अस्सल मलमल काय होती हे ठाऊक असलं, की "ढाका मलमल, अंगठीतून जाते" असं कुणी म्हटल्यावर किती मान हलवायची ते कळतं.

ढाक्याच्या परिसरात मेघना आणि शीतलक्ष्या या नद्यांच्या काठी "फुटी कार्पास" नावाचा कापूस पिके. आपल्या मराठवाडा-विदर्भातला देशी कापूस ज्या आर्बोरियम जातीचा, तिचाच हा एक प्रकार. त्याचे तंतू आखूड, यंत्राला न मानवणारे. बोटांनी मात्र त्यातून केसाहून बारीक सूत निघे. सरकी काढण्याआधी कापूस विंचरायचा तो बोआल माशाच्या जबड्याच्या बारीक दातांनी. (आंध्रातल्या पोंदुरूची खादी प्रसिद्ध आहे. तिथे वालुगा माशाचा जबडा आजही याच कामाला वापरतात.) कताई तरुण मुलींची, कारण नजर तीक्ष्ण लागायची. वेळ भल्या पहाटेची किंवा दिवस कलतानाची, कारण हवा कोरडी झाली की धागा तुटतो. अगदीच कोरडं असेल तर पसरट भांड्यात पाणी ठेवून त्याच्यावर तकली फिरवायची.

या कापडाच्या एकेका प्रकाराला वेगळं नाव होतं. आब-ए-रवाँ म्हणजे वाहतं पाणी, शबनम म्हणजे दव, तनजेब म्हणजे अंगाची शोभा, नयनसुख तर आपल्यालाही कळतं. यांच्याच रांगेत "मलमल खास" होती, बादशाही घराण्यासाठी. म्हणजे मलमल हे पुष्कळ नावांपैकी एक होतं. बाकीची विस्मरणात गेली आणि उरलेल्या एका नावावर सगळ्या तलम सुती कापडांचा भार पडला. माझी झबली बिघडली त्याचं मूळ इथे आहे.

फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए सतराव्या शतकातली एक हकीकत सांगतो. हिंदुस्थानातून परतलेल्या इराणी वकिलाने आपल्या शहाला रत्नजडित नारळ नजर केला. तो शहामृगाच्या अंड्याएवढा होता, आणि उघडल्यावर आतून 60 हात लांबीची मलमलीची पगडी निघाली. पुढे कंपनीच्या काळात विणकरांची पिळवणूक झाली, मँचेस्टरचं गिरणीचं कापड आलं आणि हा धंदा बसला. विणकरांचे अंगठे कापल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. 1772 साली कंपनीच्याच एका माजी नोकराने, विल्यम बोल्ट्सने, लिहून ठेवलंय ते थोडं वेगळं आणि मला जास्त भयंकर वाटतं: सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी रेशीम उकलणाऱ्या कामगारांनी स्वतःचेच अंगठे तोडून घेतले.

आपल्याकडचा दुवाही जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या "पेरिप्लस" या ग्रीक प्रवासवर्णनात तगर नगराहून भडोचच्या बंदरात गाड्या भरभरून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल जात असल्याची नोंद आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, संत गोरा कुंभारांचं गाव. त्याच ग्रंथात गंगेच्या मुखाकडच्या तलम कापडाचाही उल्लेख आहे, त्यामुळे बंगालचा मान पहिला हे मान्यच करावं लागतं.

बांगलादेशात गेल्या काही वर्षांत हे कापड पुन्हा विणण्याचे प्रयत्न झाले, 300 काउंटच्या (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा, तो पायरी 3 मध्ये येईल) सुतापर्यंत मजल गेली आणि 2020 मध्ये ढाका मलमलीला तिथे भौगोलिक मानांकन मिळालं. मलमलीवरच नक्षी विणलेली जामदानी 2013 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. यातलं काहीही तुम्हाला दीडशे रुपये मीटरने मिळणार नाही.

पायरी 3: दुकानात काउंट विचारा

मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये किंवा पुण्यात रविवार पेठेत गेलात तर नुसतं "चांगली मलमल" म्हणू नका. "किती काउंटची आहे?" असं विचारा. एवढ्या प्रश्नाने दुकानदार खालच्या फळीवरचा तागा बाजूला सारून वरचा काढतो, हा माझा अनुभव आहे.

एक पौंड सुतात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा काउंट. आकडा मोठा तितकं सूत बारीक. 20 काउंटच्या एक ग्रॅम सुताची लांबी सुमारे 34 मीटर भरते, 100 काउंटच्या एक ग्रॅमची सुमारे 170 मीटर. रोजच्या वापराची बरी मलमल 80 ते 100 काउंटच्या आसपास असते. चादरींच्या पाकिटावर जो "थ्रेड काउंट" लिहितात तो वेगळा. तो एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे आहेत ते सांगतो. ऑनलाइन घेताना काउंट दिलेला नसेल तर वजन बघा. एका चौरस मीटरला 50 ते 70 ग्रॅम म्हणजे मलमल. 100 च्या वर गेलं की ते दुसरं काहीतरी आहे.

शेजारच्या ताग्यांचीही नावं माहीत असू द्या. व्हॉइल झिरझिरीतच असते पण तिच्या सुताला पीळ जास्त, म्हणून हाताला थोडी करकरीत लागते. ब्लाउजची रुबिया "टू बाय टू" म्हणतात, कारण उभा आणि आडवा दोन्ही धागे दुपदरी. केंब्रिक जास्त दाट आणि चकचकीत.

पायरी 4: तपासा

आधी चिमटीत धरून चोळा. पांढरी पूड पडली किंवा बोटांना पिठूळ लागलं तर कापडाला भरपूर खळ दिली आहे, आणि खळ धुतली गेल्यावर ते किती विरळ होईल हे देवच जाणे. माझ्या अडीच मीटरचं हेच झालं होतं.

मग उजेडात धरा. धागे एकसारखे दिसतात का? हातमागावर थोडी गाठ, थोडा जाडबारीकपणा चालतो, शोभतोही. मध्येच पट्टेच्या पट्टे विरळ दिसत असतील तर नको.

तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि कुणीच करत नाही. दोन्ही अंगठे कापडावर शेजारीशेजारी टेकवा आणि हलकेच विरुद्ध दिशांना ढकला. धागे सरकून मध्ये फट पडली आणि तशीच राहिली, तर शिवण धरणार नाही. ओढणीला चालेल, पण ब्लाउजला काखेत पहिल्याच दिवशी उसवेल.

मुठीत आवळून सोडा. सुती कापड चुरगळलेलंच राहतं. पॉलिएस्टर असेल तर तोंड वर करून उलगडतं. खात्रीच हवी असेल तर किनारीची एक दशी घरी आणून जाळा, चिमट्यात धरून, सिंकवर. सूत कागदासारखं जळतं, तसाच वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक काळी गोळी होते.

आणि अंगठीची परीक्षा? ती विसरा. स्वस्तातलं शिफॉनही अंगठीतून सळसळत जातं. ती करामत दाखवणाऱ्याला काउंट विचारा, मजा येते.

पायरी 5: कात्री लावण्याआधी भिजवा

हे टाळलंत तर वरचं सगळं फुकट. नवी मलमल मीटरमागे पाच-सहा सेंटीमीटर आटणं नेहमीचं आहे, जास्तही आटते. म्हणून घेताना मीटरमागे दहा सेंटीमीटर जास्तच घ्या, पन्ह्यातही थोडं जाणार हे धरून चाला.

पांढरी असेल तर रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी गढूळ पाणी ओता, पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यातून काढा. पिळू नका. बादलीच्या काठावर घडी घालून निथळू द्या, सावलीत वाळवा, जराशी दमट असतानाच इस्त्री करा. राजस्थानातल्या सांगानेर-बगरूच्या ठशांनी छापलेली असेल तर वेगळी भिजवा, तासाभरापेक्षा जास्त नको. साबणाऐवजी रिठ्याचं पाणी वापरा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असं आपल्या आया सांगत आल्या; आधीच रंगवून आलेल्या कापडावर मीठ फारसं काही करत नाही. कच्चा रंग कच्चाच राहतो.

पायरी 6: बेतणं आणि शिवणं

मलमल टेबलावर सरळ राहत नाही, वाहते. त्यामुळे खडूची रेघ मारून कापायला गेलात तर तिरकी जाणारच. त्यापेक्षा काठाला छोटी चीर द्या, आडवा एक धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढत जा. कापड चुण्यांनी गोळा होईल, धागा निघून येईल आणि त्याच्या जागी आरपार एक बारीक रिकामी रेघ दिसेल. त्या रेघेवरून कापा. मध्येच धागा तुटला तर रेघ जिथवर आली तिथवर कापून पुढचं टोक शोधा. वेळ लागतो, पण झबल्याचा घेर चहूकडून सारखा येतो.

मशीनला 9 किंवा 11 नंबरची नवी सुई लावा. जुनी बोथट सुई धागे ओढून कापडाला आठ्या पाडते. टाका बारीक ठेवा, दोन मिलिमीटरच्या आसपास. सुरुवातीलाच मशीन कापड खाली गिळायला लागलं तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून काढा.

कडा उघड्या ठेवू नका, ओव्हरलॉकही इथे ओबडधोबड दिसतं. फ्रेंच शिवण घाला: आधी कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून, सुलट बाजू बाहेर ठेवून कडेशी एक टीप मारा, उरलेली कड तीन मिलिमीटरवर छाटा, उलटवून घ्या आणि आता दुसऱ्या बाजूने पुन्हा टीप मारा. दशा आत बंद होतात. बाळाच्या कपड्यांना हे हवंच, कारण सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन बोट काळंनिळं होऊ शकतं. झबलं घालण्याआधी दर वेळी आतून एकदा बघायची सवय लावा.

पायरी 7: कशाकशाला वापराल

कपडे तर आहेतच: साडी, ओढणी, उन्हाळ्यातले सदरे, झिरझिरीत कुर्त्याचं अस्तर. साडीबद्दल एकच सांगते, परकर साडीच्याच रंगाचा घ्या. मलमलीत काहीही लपत नाही.

मला जास्त आवडतो तो स्वयंपाकघरातला वापर. चक्का बांधायला मीटरभर पांढरी मलमल वेगळी काढून ठेवा. ती भिजवून, मग उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून खळ पूर्ण काढा, आणि तिला कधीही नीळ किंवा सुगंधी साबण लावू नका, नाहीतर श्रीखंडाला वास येतो. बांधताना दुहेरी घडी करा. एकेरीतून दही पाझरतं आणि मांजरपाटातून पाणी सुटत नाही. मलमलीची दुहेरी घडी बरोबर मधली आहे. सहा-आठ तास टांगा, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा. नंतर फडकं धुताना पहिलं पाणी गार हवं. गरम पाण्याने दुधाचा अंश धाग्यात शिजून बसतो आणि मग कितीही घासा, चिकटपणा जात नाही. गार पाण्याने निघून गेल्यावर खुशाल उकळा.

"वस्त्रगाळ" हा शब्द आपण मुलतानी मातीला, शिकेकाईला, वैद्यांच्या चूर्णाला लावतो. ते वस्त्र म्हणजे हेच. भांड्याच्या तोंडाला मलमल ताणून बांधायची, वर पूड घालून तळहाताने गोल फिरवायची. चाळणीतून न निघणारी कचकच वर राहते. कोरडी पूड गाळायची तर कापड पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर भोकं बुजतात.

पायरी 8: धुणं आणि ठेवणं

हाताने, गार पाण्यात, सौम्य साबणाने. मशीनमध्ये टाकायचीच असेल तर जाळीच्या पिशवीत, हुकांच्या आणि चेनच्या कपड्यांपासून लांब. साडीला पातळ कांजी दिली तर निऱ्या बसतात, पण कपाटात महिनोनमहिने ठेवायच्या साडीला कांजी ठेवू नका. झुरळं आणि कसर तिच्यावरच येतात. घडी दोन-तीन महिन्यांनी बदला, एकाच रेषेवर राहिली तर तिथेच विरते.

विरली तरी टाकू नका. साडीचं दुपटं होतं, दुपट्याचं गाळणं, गाळण्याचं चांदी पुसायचं फडकं, आणि धोतराच्या पट्ट्या पिळून काकडआरतीचे काकडेही वळतात. माझ्या त्या चार झबल्यांपैकी दोन बहिणीने डब्यात ठेवून दिली होती. भाचा आता आठवीत आहे आणि ती झबली उसवून केलेल्या चौकोनातून आमच्याकडे दर पंधरवड्याला तूप गाळलं जातं. आटायचं ते केव्हाच आटून झालंय, खळही उरलेली नाही, आणि बेरीचा कणही खाली उतरत नाही.